३७ला १ : एका खोलीत बोरघाट बसवताना

पार्श्वभूमी

पुण्यातल्या चौघांच्या एका गटाने बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा, मॉडेल रेल्वेचा लेआउट उभारायला घेतला. विषय ठरला कर्जत ते लोणावळा घाट. चौघांपैकी एक निवृत्त अभियंते, त्यांचीच खोली. बाकी तिघे वयाने लहान, त्यांना काका म्हणणारे. लाकूडकामाला ओळखीचे सुतार होते. माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, मापे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

खोली ४.२ मीटर लांब, ३ मीटर रुंद. चारही भिंतींना लागून ६० सेंटिमीटर रुंदीचा मांडव, म्हणजे रूळ बसवायचा लाकडी ओटा, दारासमोर उचलता येणारा पूल आणि मध्ये उभे राहायला जागा, अशी रचना होती. कर्जत एका लांब भिंतीला, जमिनीपासून १०५० मिमी उंचीवर. तिथून गाडी सुटून खोलीभर एक फेरी मारत चढणार आणि फेरी संपताना कर्जतच्याच डोक्यावर असलेल्या लोणावळ्यात पोचणार. मधे ठाकूरवाडी आणि मंकी हिल ही घाटातली ठिकाणे.

प्रत्यक्ष घाट मापात बसवणे कुणालाच शक्य नाही, हे गटाला माहीत होते. १८६३ साली सुरू झालेल्या मूळ मार्गावर पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण १८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर होती. १:८७ मध्ये ती ६.४ मीटर होते. खोलीचे छत तीन मीटरवर. लांबी तर पावणेतीनशे मीटरच्या वर जाते. त्यामुळे घाटातले नेमके काय जपायचे आणि काय सोडायचे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. गटाने दोन गोष्टी जपायच्या ठरवल्या: घाटाचा खरा चढ, ३७ला १ (३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर), आणि गाडीच्या शेपटीला लागलेले, चढावर मागून ढकलणारे बँकर इंजिन. रुळांच्या रुंदीत मात्र तडजोड पत्करली. ब्रॉडगेजचे १६७६ मिमी या मापात १९.३ मिमी व्हायला हवेत. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा. समोरून पाहिले की डबे रुळांवर जरा पसरट वाटतात. रूळ आणि सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रूळ) हाताने बनवायची तयारी नसेल तर याला इलाज नाही.

अडचण

मांडव उभा राहिला, रूळ टाचण्यांनी तात्पुरते बसवले आणि आठ डब्यांची गाडी सोडली. ठाकूरवाडीपर्यंत ती कशीबशी गेली. त्यापुढच्या वळणावर चार डबे वळणात शिरले आणि इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली. रुळाच्या माथ्यावर चाकाच्या रुंदीची चकचकीत पट्टी उमटली, बाजूला काळी भुकटी जमली आणि गाडी थांबली. सात डबे लावल्यावर कोरड्या दिवशी गाडी चढायची. पावसाळी हवेत रुळांवर ओलसर थर बसला की तीही अडायची.

उतरताना दुखणे वेगळे होते. गाडी सरळ न उतरता दर काही सेंटिमीटरला हिसका देत उतरायची. या इंजिनांच्या मोटरीतून चाकांकडे जाणाऱ्या, मळसूत्रासारख्या वर्म गिअरमध्ये थोडी मोकळीक असते. मागचे डबे इंजिनाला ढकलू लागले की वर्म एकदा पुढे, एकदा मागे आपटतो, आणि तो हिसका थेट डब्यांपर्यंत जातो.

पहिला संशय इंजिनावर गेला. त्यात ६० ग्रॅम शिसे भरले. ओढ जेमतेम १३ ग्रॅमने वाढली आणि मोटर तापू लागली. मग दोन चाकांवर रबरी टायर चढवून पाहिले. चढाला फरक पडला, पण रबर असलेली चाके रुळातून वीज उचलत नाहीत, त्यामुळे सांध्यावर इंजिन अडखळू लागले. दोन्ही उपाय मागे घेतले.

हिशेब कुठे फसला

कागदावरचा हिशेब वरकरणी ठीक होता. रूळ भिंतीपासून २० सेंमी आत धरला, कोपऱ्यांना ६०० मिमी त्रिज्येची वळणे धरली, तर एक फेरी ११.८ मीटरची होते. त्यातून कर्जतचे सपाट ३.२ मीटर आणि त्याला लागूनच असलेल्या दाराच्या पुलाचे ०.९ मीटर वजा केले की ७.७ मीटर उरतात. ३७ने भागले की २०८ मिमी. लोणावळ्याची उंची २०८ मिमी ठरली ती अशी. खालच्या, म्हणजे कर्जतच्या, यार्डात हात घालून घसरलेला डबा उचलता यावा म्हणून एवढी उंची हवीच होती, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना सोयीचा वाटला.

या ७.७ मीटरमध्ये दोन गोष्टी धरल्याच नव्हत्या. पहिली, ठाकूरवाडीची सपाटी. हल्लीचे डबे इतके हलके फिरतात की चढावर सुटा उभा केलेला डबा आपणहून घरंगळतो. जिथे गाडी थांबवून इंजिन सोडायचे तिथे सपाटी लागतेच. तिचे १.४ मीटर गेले. दुसरी, चढाच्या सुरुवातीचे आणि शेवटाचे गोलावे. सपाट रूळ एकदम चढाला लागला तर लांब डब्यांना एकमेकांशी जोडणारी कपलिंगे वर-खाली होऊन सुटतात, इंजिनाचा पुढचा भाग रुळाला घासतो. म्हणून प्रत्येक बदलाला ६० सेंमीचा उभा गोलावा ठेवला. कर्जतनंतर एक, ठाकूरवाडीच्या आधी आणि नंतर एकेक, लोणावळ्याआधी एक. गोलाव्यात सरासरी निम्माच चढ मिळतो, म्हणजे या चारांत मिळून १.२ मीटरचा चढ गेला.

७.७ मधून १.४ आणि १.२ गेले की ५.१ मीटर उरतात. पण वरची उंची २०८ मिमीच ठेवायची असे धरून सुतारांना टेकूंची मापे दिली गेली. २०८ भागिले ५.१ मीटर, म्हणजे ४.१ टक्के. ३७ला १ म्हणता म्हणता साडेचोविसाला १ चा चढ उभा राहिला होता.

त्यात वळणाची भर. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, तो विरोध चढासारखाच मोजता येतो. छंदात रूढ असलेला ठोकताळा असा: ३२ला वळणाच्या त्रिज्येने, इंचांत, भागायचे, येईल तेवढे टक्के चढ जास्त धरायचा. ६०० मिमी म्हणजे २३.६ इंच, म्हणून १.३६ टक्के. वळणातल्या डब्यांना चढ साडेपाच टक्क्यांच्या जवळ जाणवत होता.

इंजिनाची ताकद किती ते पाहू. ५०० ग्रॅमचे, सगळी चाके चालणारे इंजिन स्वच्छ रुळावर वजनाच्या साधारण २२ टक्के, म्हणजे ११० ग्रॅम ओढते. मापातला आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचा) २४५ मिमी लांब होतो. १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस हा वजनाचा प्रचलित नियम लावला तर असा डबा सुमारे १६५ ग्रॅमचा हवा. आठ डबे १३२० ग्रॅम. चाके फिरवायचा विरोध दोन टक्के धरला तर २६ ग्रॅम. डबे आणि इंजिन मिळून १८२० ग्रॅम, त्यांना ४.१ टक्के चढावर नेण्यासाठी ७४ ग्रॅम. वळणातल्या चार डब्यांचे ९. बेरीज १०९. म्हणजे गाडी अगदी काठावर होती, आणि रूळ थोडा जरी मळला तरी घसरणारच होती. हाच हिशेब ३७ला १ वर केला तर ८४ ग्रॅम येतात. उतारावर डबे इंजिनाला २८ ग्रॅमने ढकलत होते, ते ९ ग्रॅमवर येतात.

म्हणजे दोन्ही दुखण्यांचे मूळ चढात होते, इंजिनात नव्हते. कागद-पेन्सिलीचे हे काम मांडव उभारण्याआधी झाले असते तर प्लाय वाचला असता.

समोर असलेले पर्याय

चढ तसाच ठेवून गाड्या पाच डब्यांच्या करायच्या. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि बऱ्याच घरगुती लेआउटवर तोच केला जातो. पण पाच डब्यांच्या गाडीला बँकर लावला की ती नाटकी दिसते, आणि उतरतानाचे हिसके राहतातच.

बँकरलाच खरे काम द्यायचे. गटातल्या सर्वांत धाकट्याचा यावर भर होता: खऱ्या घाटात कर्जतला मागे इंजिने लागतात, मग आपणही त्यांच्यावर भिस्त ठेवू. मुद्दा बिनतोड वाटतो. पण मॉडेलमध्ये ४.१ टक्क्यांवर मागून सतत जोर लागला तर ६०० मिमीच्या वळणावर मधला एखादा हलका डबा बाहेर फेकला जातो. बँकर असला तर शोभा, नसला तरी गाडी चढली पाहिजे, असे ठरले आणि हा पर्याय मागे पडला.

कोपऱ्यात गोल जिना, म्हणजे हेलिक्स. ६०० मिमी त्रिज्येच्या एका वेढ्याची लांबी ३.७७ मीटर, चढ १०० मिमी, म्हणजे जवळजवळ नेमका ३७ला १. आकडे मोहात पाडणारे होते. पण दोन वेढ्यांचा हेलिक्स १.३ मीटर चौरस जागा खातो आणि गाडी साडेसात मीटर दिसेनाशी होते. घाटाच्या लेआउटवर घाटच लपवायचा, याला काही अर्थ नव्हता.

चौथा पर्याय इतिहासातला. मूळ घाटात खंडाळ्याच्या अलीकडे उलटे स्थानक होते. गाडी तिथे टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. मॉडेलसाठी हे वरदानच, कारण त्याच भिंतीची लांबी दोनदा वापरता येते. मात्र नवा मार्ग झाल्यावर, १९२९मध्ये, हे स्थानक बंद झाले. गटाकडची इंजिने विजेवरची, डबे आयसीएफचे. उलटे स्थानक घ्यायचे तर वाफेची इंजिने आणि लाकडी डबे जमवावे लागले असते. काका या पर्यायाच्या बाजूने बराच काळ अडून होते. शेवटी काळाचा मेळ बसेना म्हणून त्यांनीच तो सोडला. ज्याच्याकडे अजून एकही गाडी घेतलेली नाही, त्याने मात्र याचा आधी विचार करावा.

पाचवा पर्याय गटातल्या वास्तुरचनाकार मुलीने मांडला. लोणावळा २०८ मिमीवर कशाला हवा? खालच्या यार्डात हात जावा म्हणून. मग यार्ड लोणावळ्याखालून बाहेर काढू. आणि घाट उंच दिसायचा असेल तर रूळ वर नेण्याऐवजी जमीन खाली नेऊ.

निर्णय

हाच पर्याय स्वीकारला गेला. ५.१ मीटर गुणिले २.७ टक्के म्हणजे १३८ मिमी. लोणावळ्याची नवी उंची १३८ ठरली. लोणावळ्याचे चार मार्ग दोनवर आणले आणि ते भिंतीलगत २० सेंमीच्या फळीवर बसवले. कर्जतचा मांडव पुढे ७५ सेंमीपर्यंत वाढवला, पाच मार्गांचे चार केले. आता वरच्या फळीखाली कर्जतचा एकच मार्ग येतो. फळीचा १२ मिमी प्लाय, ५ मिमी कॉर्क आणि रूळ-स्लीपरचे ५ मिमी वजा केले तरी खालच्या रुळाच्या माथ्यावर ११६ मिमी मोकळे राहतात. साडेपाच मीटरवरची विजेची तार मापात ६३ मिमीवर येते, म्हणजे इंजिनाच्या छतावरचा, तारेला टेकणारा पँटोग्राफ वर असला तरी अडचण नाही, आणि पुढून हातही जातो.

दुसरा निर्णय समोरच्या लांब भिंतीचा. ठाकूरवाडी आणि मंकी हिल यांच्यामधल्या १.६ मीटरमध्ये मांडवाच्या दोन चौकटी काढून ३०० मिमी खाली बसवल्या. दरीचा तळ ७५० मिमीवर गेला, रूळ तिथे ११४० मिमीच्या आसपास. म्हणजे रुळाखाली ३९ सेंमी, मापात सुमारे ३४ मीटर खोल दरी. लोणावळा ७० मिमीने खाली आला आणि घाट आधीपेक्षा उंच दिसू लागला. स्टुलावर बसले की रूळ डोळ्यांच्या पातळीला येतो, त्यामुळे परिणाम आणखी वाढतो.

काम कसे झाले

चढ

जुने टेकू काढून दर ४० सेंमीला नवे लावले. ३७ला १ साठी प्रत्येक टेकू आधीच्यापेक्षा १०.८ मिमी उंच. टेकू चौकटीला आधी क्लॅम्पने धरायचा, सगळे तपासून झाल्यावरच स्क्रू मारायचा. तपासायला वेगळे यंत्र लागत नाही. ६० सेंमीच्या स्पिरिट लेव्हलच्या उताराकडच्या टोकाखाली १६.२ मिमी जाडीचा ठोकळा चिकटवला. बुडबुडा मध्यावर आला की चढ ३७ला १. हा ठोकळा १२ मिमी प्लाय आणि पत्त्यांचे काही पत्ते मिळून झाला. व्हर्नियर कॅलिपरने मापून एकेक पत्ता वाढवत गेले की नेमके माप मिळते.

रुळाखालचा १२ मिमी प्लाय सरळ तुकड्यांत न कापता मोठ्या तक्त्यातूनच रुळाच्या दोन्ही कडांनी जिगसॉने चिरला आणि टेकूंवर उचलला. सपाट भागाला जोडलेला प्लाय आपल्या ताणाने जसा वाकतो, तोच गोलावा. जोडांबद्दल सुतारांनी बजावले होते, “काका, पट्टी मधे वाकवा, जोडावर वाकवू नका. जोडावर टेंगूळ येणार म्हणजे येणारच.” म्हणून कुठलाही जोड टेकूवर घेतला नाही. दोन टेकूंच्या मधे घेतला आणि खालून ३० सेंमीची पट्टी फेविकॉल व स्क्रूने जोडली. प्लायच्या कापलेल्या कडांना दोन हात सीलर दिला. कडा उघड्या राहिल्या तर पावसाळ्यात त्या पाणी ओढतात, प्लाय फुगतो आणि नेमका जोडावर एखादा मिलिमीटर उचलला जातो. चढावर तेवढे कपलिंग सुटायला पुरते.

रूळ लवचीक, ९१ सेंमीच्या लांबीचे. वळणावर दोन रुळांचे जोड सरळ असतानाच डाखून मग वाकवले, नाहीतर जोडावर कोन पडतो. सरळ भागात प्रत्येक जोडाला अर्धा मिलिमीटर फट. निकेल-सिल्व्हरचा मीटरभर रूळ तीस अंशांच्या फरकाला साधारण तेवढाच वाढतो, आणि पत्र्याच्या छपराच्या गच्चीवरच्या खोलीत डिसेंबरची पहाट ते मेची दुपार हा फरक त्याहून कमी नसतो. थंडीत फट न ठेवता बसवलेला रूळ मे महिन्यात वळणाबाहेर सरकतो.

बोगद्यांच्या तोंडांची रुंदी ठरवताना सगळ्यांत लांब डबा धरला. ६०० मिमी वळणावर डब्याचे टोक साडेसहा मिमी बाहेर येते आणि मध्य सहा मिमी आत जातो. डब्याची निम्मी रुंदी १८.६ आणि पाच मिमी मोकळी जागा धरून रुळाच्या मध्यापासून प्रत्येक बाजूला ३० मिमी ठेवले. समांतर मार्गांत सरळ भागात ५१, वळणावर ६० मिमी अंतर. खऱ्या घाटात तीन मार्ग आहेत. इथे दोनच घेतले.

देखाव्याचा एक थेंबही पडायच्या आत आठ डब्यांची गाडी सर्वांत कमी वेगाने, दोन्ही दिशांना, पुन्हा पुन्हा चालवली. वेगात गाडी चढाच्या चुका झाकून टाकते.

बँकर

मागचे इंजिन पुढच्याहून किंचित हळू चालेल असे डीसीसी डिकोडरमध्ये, म्हणजे इंजिनातल्या डिजिटल नियंत्रणाच्या चिपमध्ये, बसवले: सीव्ही (चिपमधल्या क्रमांकित सेटिंग) २, ५ आणि ६ मध्ये सुरुवातीचा, कमाल आणि मधला वेग. बँकर वेगवान असला तर डबे दाबले जाऊन वळणावर उडतात, फारच हळू असला तर गाडी आतल्या बाजूला ओढली जाते. त्याचा बॅक-ईएमएफ, म्हणजे भार बदलला तरी वेग कायम राखणारी सोय, बंद केला, कारण दोन्ही इंजिने आपापला वेग धरून ठेवायला झटू लागली की एकमेकांशी भांडतात. सगळे डबे १६५ ग्रॅमवर आणले. सर्वांत त्रास झाला तो हलक्या, रिकाम्या कंटेनर वॅगनचा. तिच्या पोटात शिशाची पट्टी बसवेपर्यंत मालगाडीला बँकर लावला नाही.

खडक

परदेशी साहित्यात मिळणारे खडकांचे रबरी साचे पहिल्याच प्रयत्नात बाद झाले. त्यांतले खडक उभ्या चिरांचे, टोकदार. सह्याद्रीचा बेसाल्ट आडव्या थरांचा. कड्यावर पायऱ्यांसारखे थर, थरांच्या फटीत गवत, खाली दगडांचा ढिगारा. यासाठी २५ मिमीचे एक्सपीएस (थर्मोकोलहून दाट फोमचे) बोर्ड आडवे रचले आणि कडा सुरीने न कापता हाताने मोडल्या. मोडलेली कड बेसाल्टसारखी खडबडीत निघते, कापलेली कड प्लॅस्टिकसारखी दिसते. दर तीन-चार थरांनंतर एक थर मागे घेतला, तिथे झाडी लावली.

बोर्डाला फक्त पाण्यातला गोंद आणि पाण्यातले रंग. सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे पेंट मारला की फोम वितळून खड्डे पडतात. वर पातळ फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात. पीओपी पाण्यात टाकायचे, पाणी पीओपीत नाही, आणि एका वेळी वाटीभरच कालवायचे. पूर्ण कडा पीओपीचा केला असता तर वजनाने मांडव लवला असता आणि सगळा चढ बिघडला असता.

रंगात सरसकट काळा घेतला नाही. काळ्यात तपकिरी आणि चिमूटभर जांभळा मिसळून तळचा हात, सुकल्यावर पाणीदार काळा कपाऱ्यांत ओघळू दिला, शेवटी कोरड्या ब्रशने करडा रंग कडांवर. खणलेल्या खिंडींच्या वरच्या बाजूला तांबड्या मातीची पट्टी. दरडी रोखायला घाटात कड्यांवर जाळ्या ठोकलेल्या असतात. त्यासाठी ओढणीचे नेटचे कापड करड्या रंगात बुडवून दोन खिंडींवर ताणून लावले. या जाळीने घाट आजचा वाटू लागला, हे गटातल्या सगळ्यांनी मान्य केले.

ऋतू

यावर खडकांहून जास्त वाद झाला. ऐन पावसाळ्याचा घाट सगळ्यांना आवडतो, पण ओला खडक, धबधबे, धुके हे सगळे जमवणे अवघड, आणि एकसारखा हिरवा रंग मॉडेलवर खोटा वाटतो. उन्हाळा सोपा, पण रूक्ष. भाद्रपदाचा शेवट निवडला: गवत हिरवे पण टोकाला पिवळटलेले, धबधब्यांच्या बारीक धारा, माथ्यावर सोनकी फुललेली. लाकडाचा भुसा चाळून तीन हिरव्या छटांत रंगवला, सोनकीसाठी अगदी बारीक पिवळा भुसा चिमटीने. करवंदाच्या जाळ्यांना भांडी घासायच्या स्पंजचा चुरा, झाडांना सुकलेल्या मोहराच्या काड्या. धबधबे काचेवर ओढलेल्या पारदर्शक सिलिकॉनच्या रेघा. सुकल्यावर सोलून कड्यावर लावल्या.

भिंतीवरच्या चित्रात मंकी हिलच्या पलीकडे नागफणीचा सुळका आणि दूर राजमाचीचे दोन बालेकिल्ले फिक्या निळसर रंगात आले. कोपरे तीन मिमी एमडीएफ वाकवून गोल केले. रंगकाम खोलीतल्या ४००० केल्विनच्या दिव्यांखालीच केले. अंगणात उन्हात मिसळलेला हिरवा आत आणल्यावर वेगळाच दिसत होता.

परिणाम

आठ डब्यांची गाडी आता एकट्या इंजिनाने चढते, बँकर लागला तर दहाही चढतात. उतरतानाचे हिसके जवळजवळ गेले. एका इंजिनात उरले होते, ते वर्मच्या टोकाला पातळ वॉशर घातल्यावर थांबले. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की पावसाळ्यातही आठ डबे जातात.

सगळेच सुधारले असे नाही. लोणावळा दोन मार्गांवर आल्याने वर इंजिन फिरवायला जागा राहिली नाही. बँकर सोडून परत पाठवायचा तर गाडी आधी हलवावी लागते. वरच्या फळीखालचा कर्जतचा मार्ग अंधारात राहतो, तिथे एलईडी पट्टी लावावी लागली. आणि ७५ सेंमी रुंद कर्जतच्या मागच्या सांध्यापर्यंत उंचीने कमी माणसाचा हात पोचत नाही.

वेगळे काय करता आले असते

ठाकूरवाडीची १.४ मीटरची सपाटी मधे न ठेवता लोणावळ्यालगत आणली असती तर दोन गोलावे वाचले असते. तेवढ्यात १६ मिमी जास्त चढ मिळाला असता, किंवा त्याच उंचीला चढ ४१ला १ वर आला असता. देखाव्याच्या दृष्टीने मात्र दरीच्या अलीकडे स्थानक हवेच होते, आणि गटाने ते जाणून ठेवले.

वळणांवरचा चढ कमी करून सरळ भागात तो तसाच ठेवायचा, म्हणजे इंजिनावरचा भार सगळीकडे सारखा राहतो. खऱ्या मार्गांवर हेच करतात. ६०० मिमी वळणावर १.३४ टक्के आणि सरळ भागात २.७ टक्के असे केले असते तर उंची सुमारे २६ मिमीने घटली असती आणि लोणावळ्याखालची मोकळी जागा ९० मिमीवर आली असती. पँटोग्राफला ती पुरेशी, पण हात घालायला कमी. इथे तोल हाताच्या बाजूने गेला. खालचा मार्ग निव्वळ शोभेचा असता तर उलट निर्णय योग्य ठरला असता.

बोगद्यांपैकी एक, कोपऱ्यातला, मागून उघडता येत नाही. बाकीच्यांना मांडवाखालून हात घालायला झडपा आहेत. या एकात डबा घसरला तर वरचा कड्याचा तुकडा उचलावा लागतो. तो सुटा करून चुंबकांवर बसवायचे काम अजून शिल्लक आहे, आणि जाळी लावायच्या आत ते केले असते तर आता जाळी फाडायची वेळ आली नसती.

दाराचा उचलता पूल दर पावसाळ्यात दोन-तीन मिमी फुगून अडतो. तो प्लायऐवजी अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीवर बसवायचे ठरले आहे. नळी आणली आहे, बिजागरी अजून मिळालेली नाही.